दगडातली स्त्री रंगमंचावर

धर्मापुरीच्या (जि. बीड) केदारेश्वर मंदिराच्या बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरी पाहताना कथक नृत्यांगना रोहिणी भाटे हमखास आठवतात. झाडाची फांदी हाताने वाकवून उभी असलेली शिल्पातली शालभंजिका त्यांनी कथकमध्ये आणली. निश्चल मूर्तीला ताल देणं सोपं नव्हे!

रोहिणीताईंचा जन्म १९२४, पाटणा. १९४७ मध्ये पुण्यात 'नृत्यभारती'ची स्थापना. गुरू लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर. १९५२ मध्ये सरकारी सांस्कृतिक शिष्टमंडळातून चीनचा दौरा. 'ऋतुसंहार' या संस्कृत काव्यावर नृत्यरचना. १९७९ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार.

आधुनिक नृत्याची अमेरिकन अग्रणी इसाडोरा डंकन हिचं आत्मचरित्र त्यांनी 'मी इसाडोरा' या नावाने मराठीत आणलं. घुंगरू बांधणाऱ्या बाईंना अनवाणी, मुक्त नाचणारी इसाडोरा इतकी जवळची वाटावी, हे मला फार मोलाचं वाटतं. निधन २००८, पुणे.