फ्रेंच शिकायचंय? मग मराठी विसरू नका!

फ्रेंच म्हटलं की आपल्या होस्टेलवर दोनच गोष्टी आठवतात. एक फ्रेंच फ्राइज आणि दुसरी फ्रेंच कट दाढी. सेकंड इयरपर्यंत माझंही ज्ञान तेवढंच होतं. मग एका सिनिअरने फ्रान्समधल्या शिक्षणाबद्दल सांगितलं आणि मी जोशात क्लास लावला. निफाड तालुक्यातल्या मराठी शाळेतून आलेला मी. इंग्रजीशीच धड जमत नव्हतं, त्यात ही चौथी भाषा!

वर्षभराने ‘डेल्फ’ची ए-2 परीक्षा द्यायला पुण्याला गेलो. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असा अख्खा प्रवास क्रियापदं घोकण्यात गेला. निकाल लागला तेव्हा शंभरपैकी 46. पास व्हायला 50 लागतात. बाबांनी फी द्राक्षांच्या पैशांतून दिली होती. गारपिटीचं वर्ष होतं, त्यामुळे घरी फोन करताना काय बोलू ते सुचेना. बाबा एवढंच म्हणाले, “कुठं चुकलं ते बघ आणि पुन्हा दे.”

कुठं चुकलं ते शोधायला बसलो तेव्हा कळलं की अभ्यास कमी पडला नव्हता, रस्ता चुकला होता. मी प्रत्येक वाक्य आधी मराठीतून इंग्रजीत आणि मग इंग्रजीतून फ्रेंचमध्ये नेत होतो. नाशिकहून पुण्याला मुंबईमार्गे जाण्यातला प्रकार! खरं तर बऱ्याच ठिकाणी मराठी आणि फ्रेंच अगदी शेजारी-शेजारी आहेत. कसं ते सांगतो.

तू की तुम्ही?

तोंडी परीक्षेत मी समोरच्या वयस्कर मॅडमना चक्क ‘त्यू’ म्हणालो. म्हणजे ‘तू’! डोक्यात इंग्रजीतलं ‘यू’ होतं, आणि त्यात तू, तुम्ही सगळे एकच. फ्रेंचमध्ये मित्राला ‘त्यू’, तर सरांना, अनोळखी माणसाला ‘व्हू’. हे ‘व्हू’ अनेकवचनही आहे आणि आदरार्थीही, अगदी आपल्या ‘तुम्ही’सारखं. मराठीत मी कुठल्याही मॅडमना ‘तू’ म्हटलं नसतं.

टेबल बाई कशी?

इंग्रजीतून शिकणाऱ्याला निर्जीव वस्तूंना लिंग असतं हेच पचत नाही. आपल्याला त्याचं नवल नाही. तो दरवाजा, ती खिडकी, ते घर हे आपण लहानपणापासून बोलतो. फ्रेंचमध्ये तर दोनच लिंगं आहेत, नपुंसकलिंग नाही. मात्र आपलं लिंग तिकडे लावू नका. खुर्ची आणि नदी दोन्हीकडे स्त्रीलिंगी, पण ‘ते घर’ तिकडे स्त्रीलिंगी, ‘ते झाड’ पुल्लिंगी आणि आपला चांदोबा चक्क स्त्रीलिंगी! म्हणून शब्द कधीच एकटा पाठ करू नये, ‘अँ’ किंवा ‘यून’ लावूनच करावा. ‘-सियों’ने संपणारी ‘नासियों’सारखी नामं (इंग्रजीतली ‘-शन’वाली) स्त्रीलिंगी असतात. ‘-माँ’ प्रत्ययाची (इंग्रजीतली ‘-मेंट’वाली) बहुतेक सगळी पुल्लिंगी.

तो गेला, ती गेली

भूतकाळाने मला सर्वांत जास्त रडवलं. काही क्रियापदांना ‘आव्हुआर’ (असणे, जवळ असणे) हे सहायक लागतं, तर काहींना ‘एत्र’ (असणे, होणे). ‘एत्र’वाली यादी मी मंत्रासारखी म्हणायचो. एका रात्री मेसमध्ये ताट वाढून घेताना मित्र म्हणाला, “मी भाजी खाल्ली, भात नाही खाल्ला.” आणि डोक्यात लाइट लागली.

मराठीत ‘तो गेला, ती गेली’ म्हणताना क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं. ‘भाजी खाल्ली, भात खाल्ला’ म्हणताना कर्माप्रमाणे बदलतं. शाळेत कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकलो होतो, तेच हे! फ्रेंचमध्ये जाणे, येणे, जन्मणे, मरणे, पडणे, राहणे ही ‘एत्र’वाली. तिथे साधारणपणे कर्त्याचं लिंग-वचन लागतं. ‘आव्हुआर’वाल्यांत कर्माचं लिंग लागतं, पण एका अटीवर : कर्म आधी आलं पाहिजे. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणजे ‘ला लेत्र क झे एक्रीत’. इथे चिठ्ठी आधी आली, म्हणून शेवटचा ‘त’ ऐकू येतो. ‘मी चिठ्ठी लिहिली’ अशा साध्या वाक्यात मात्र नुसतं ‘एक्री’. (‘झे’मधला झ इंग्रजी ‘प्लेझर’मधल्यासारखा.)

साम्य इथेच थांबतं हेही लक्षात ठेवा. ‘मी हसलो’, ‘मी धावलो’ ही आपल्याकडे ‘गेलो’च्या पंक्तीत बसतात, फ्रेंचमध्ये मात्र दोघांना ‘आव्हुआर’ लागतं. शिवाय ‘गेला’ आणि ‘गेली’ या दोन्हींचा फ्रेंच उच्चार ‘आले’ असाच होतो. फरक फक्त लिहिताना दिसतो, म्हणून लेखी पेपरात मार्क तिथेच जातात.

जायचो आणि गेलो

‘मी अभ्यास करत होतो, तेवढ्यात लाइट गेली.’ पहिला भाग चालू असलेली स्थिती, दुसरा घडून गेलेली घटना. फ्रेंचमध्ये पहिल्याला ‘अँपारफे’ आणि दुसऱ्याला ‘पासे कोंपोझे’. ‘लहानपणी मी मळ्यात जायचो’ हेसुद्धा ‘अँपारफे’च. वाक्य मराठीत मनात म्हणा. ‘-त होतो’ किंवा ‘-यचो’ आलं की बहुतेक वेळा काळ आपोआप ठरतो.

‘सब्जाँक्तीफ’ या प्रकाराला सगळे घाबरतात. पण ‘त्याने यावं असं मला वाटतं’ यातलं ‘यावं’ आठवा. इच्छा, गरज, अपेक्षा दाखवणारं हे रूप आपण दिवसातून दहादा वापरतो.

आकड्यांचंही तसंच. फ्रेंचमध्ये 80 म्हणजे ‘चार वीस’ आणि 90 म्हणजे ‘चार वीस दहा’. वर्गात सगळे हसले, मला मात्र आजी आठवली. तीही विशीनेच मोजायची. चार विशा म्हणजे ऐंशी!

आता परीक्षेचं

‘डेल्फ’चे चार टप्पे आहेत : ए-1, ए-2, बी-1 आणि बी-2. त्यापुढे ‘दाल्फ’चे सी-1 आणि सी-2. हा फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचा दाखला असून तो आयुष्यभर चालतो. ‘टीसीएफ’ आणि ‘टीईएफ’ या वेगळ्या परीक्षा, त्यांचा निकाल दोनच वर्षं धरतात. तेव्हा कुठे काय मागतात ते आधी बघा आणि मगच फी भरा. भारतात ‘डेल्फ’ आलियाँस फ्राँसेजच्या केंद्रांवर होते. आपल्याला पुणे किंवा मुंबई जवळ.

ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी 25 गुण. एकूण 50 हवेत, आणि कुठल्याही भागात 5 पेक्षा कमी चालत नाहीत. म्हणजे व्याकरणात पंडित असून तोंड उघडलं नाही तर नापास! मी रोज वीस मिनिटं फ्रेंच बातम्या ऐकायचो आणि रात्री गच्चीवर जाऊन मोबाइलमध्ये स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करायचो. वॉचमन मामांना वाटलं पोराचं डोकं फिरलं. आठवड्याला दोन पत्रं लिहायचो, एक मित्राला ‘त्यू’ म्हणून आणि एक प्राचार्यांना ‘व्हू’ म्हणून.

दुसऱ्या खेपेला 71 आले. बोलण्यात 19. या वेळी मॅडमना न विसरता ‘व्हू’ म्हटलं. बाबांना फोन केला तर म्हणाले, “आता त्या भाषेत द्राक्षाला काय म्हणतात ते सांग.” ‘रेझँ’ म्हणतात. पुल्लिंगी आहे.

सध्या बी-1ची तयारी चालू आहे. मराठी मीडियमचं ओझं वाटणाऱ्या माझ्या ज्युनिअर्सना एवढंच सांगतो, ते ओझं नाही, शिदोरी आहे. कुणाला सुरुवात करायची असेल तर रात्री नऊनंतर गच्चीवर या. वही आणा, आणि लाज खालीच ठेवून या!