पलीकडच्या फलाटावरची फास्ट

संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघालेली कल्याण स्लो ठाण्यात शिरते आणि नेमकी त्याच वेळी पलीकडे फास्ट येत असल्याची घोषणा होते. डोंबिवलीकराच्या आयुष्यातला हा रोजचा धर्मसंकटाचा क्षण. घाटकोपरला मिळालेली चौथी सीट बुडाखाली आहे; पुढे कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर एवढी चारच स्टेशने. उतरलो, पूल चढलो आणि फास्टमध्ये शिरता आले, तर काही मिनिटे वाचतील. नाही शिरता आले, तर सीटही गेली आणि गाडीही.

तीस वर्षे हा हिशेब करीत आल्यामुळे असेल, पण घरात नवा मोबाइल घ्यायचा की जुनाच चालवायचा असा प्रश्न निघाला, तेव्हा मला ठाण्याचा तो फलाटच आठवला.

प्रश्नाचे मूळ पावसात होते. पत्नी फोर्टात नोकरी करते. जुलैतल्या एका संध्याकाळी गाड्या रखडल्या. सव्वासातला तिचा फोन आला, “अहो, कुर्ल्याच्या पुढे गाडी उभी आहे, काळजी करू नका.” आठ वाजता मी फोन लावला तर बंद. नऊला बंद, दहाला बंद. खिडकीबाहेर पाऊस नुसता कोसळत होता. 26 जुलै 2005 ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या तीन-चार तासांबद्दल वेगळे सांगायला नको. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि ठाण्या-कल्याणकडची कितीतरी माणसे रुळांवरून चालत निघाली. आपले माणूस कुठे आहे हे घरच्यांना रात्रभर कळले नव्हते. साडेअकराला बेल वाजली. पत्नी नखशिखान्त भिजलेली, पण सुखरूप. पहिले वाक्य काय, तर “बॅटरीच संपली हो.”

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी लेकीने निकाल देऊन टाकला. “बाबा, आईचा फोन चार वर्षांचा झाला. आता दुसऱ्या कंपनीचा नवा आलाय. बॅटरी मोठी, कॅमेरा चांगला, शिवाय फाइव्ह-जी. हप्त्यावर घेऊन टाकू.”

आमच्या पिढीला या घाईचे नवल वाटते. 31 जुलै 1995 रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांच्याशी भारतातले पहिले मोबाइल संभाषण केले, तेव्हा आमच्या चाळीत एकाच घरी फोन होता. पुढे मोबाइल आला, तरी आलेल्या कॉललाही पैसे पडत. ते 1 मे 2003 पासून थांबले. फोन वाजला की कापायचा आणि कोपऱ्यावरच्या पीसीओवरून उलट करायचा, ही कला तेव्हा घरोघर अवगत होती. त्या काळचा हँडसेट बिघडेपर्यंत, नव्हे, बिघडल्यावरही चालत असे. आजचा फोन बिघडण्याआधीच जुना होतो. तो खरोखर जुना झालेला असतो, की पलीकडे फास्ट आली म्हणून आपल्याला तसा वाटतो, हे आधी पाहायला हवे.

म्हणून मी लेकीला म्हटले, आधी दुखणे कोणते ते ठरवू. आईची तक्रार कॅमेऱ्याची नाही, वेगाची नाही. तक्रार एकच, संध्याकाळपर्यंत चार्जिंग पुरत नाही. मोबाइलमधली लिथियम-आयन बॅटरी ही मुळात झिजणारी वस्तू आहे. शून्य ते शंभर एवढे चार्जिंग एकदा वापरले की एक आवर्तन होते. अशी पाचशे ते हजार आवर्तने झाली की तिची ताकद साधारण ऐंशी टक्क्यांवर येते. उष्णता आणि सतत शंभर टक्के भरून ठेवणे, हे तिचे दोन वैरी. चार वर्षांत रोज एक आवर्तन धरले तरी चौदाशेहून अधिक झाली. फोन म्हातारा झालेला नव्हता, त्याचा दम गेला होता.

या दोहोंतला फरक जगाला 2017 च्या डिसेंबरात चांगलाच कळला. बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनचा वेग आपण मुद्दाम कमी करतो, अशी कबुली ॲपलने दिली. त्यामागे फोन अचानक बंद पडू नये हे कारण होते. पण ते ग्राहकाला आधी सांगितलेले नव्हते. गदारोळ झाला, आणि कंपनीने बॅटरी बदलण्याचा दर वर्षभरासाठी 79 डॉलरवरून 29 डॉलरवर आणला. हजारभर डॉलरचा नवा फोन घेण्याच्या विचारात असलेल्यांना आपले काम तेवढ्यात भागते, हे तेव्हा उमगले.

पण बॅटरी हे निम्मेच उत्तर. दुसरा प्रश्न अधिक मोलाचा: जुन्या फोनला कंपनी सुरक्षेची अद्ययावत प्रणाली, म्हणजे अपडेट, कधीपर्यंत देणार? फोनचे खरे आयुष्य काचेवर किंवा रंगावर नाही, या तारखेवर ठरते. आता पत्नीचे बँकेचे खाते, यूपीआय, रेल्वेचा पास हे सारे त्या एका यंत्रात आहे. अपडेट थांबलेला फोन म्हणजे कडी मोडलेल्या दाराचे घर. राहता येते, पण दागिने ठेवू नयेत. या बाबतीत अलीकडे परिस्थिती सुधारते आहे. गुगलने 2023 मध्ये पिक्सेल 8 ला आणि सॅमसंगने 2024 मध्ये गॅलेक्सी एस 24 ला सात वर्षे अपडेट देण्याचे वचन दिले. युरोपीय संघाने 20 जून 2025 पासून, विक्री संपल्यावर किमान पाच वर्षे अपडेट मिळाले पाहिजेत, असा नियमच लागू केला. नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी दुकानदाराला हा आकडा विचारावा.

तिसरा प्रश्न पूल चढण्याचा. फोन बदलणे म्हणजे हल्ली बिऱ्हाड बदलण्यासारखे आहे. गिरगाव-दादर सोडून डोंबिवलीत आलेल्यांना ठाऊक आहे की सामान टेम्पोत मावते, पण शेजार मावत नाही. नव्या फोनमध्ये यूपीआय पुन्हा नोंदवावे लागते आणि त्यासाठी सिम त्याच फोनमध्ये असावे लागते. व्हॉट्सॲपचे जुने संवाद अँड्रॉइडवरून आयफोनवर नेण्याची सोय 2022 मध्ये झाली खरी, पण ते काम नवा फोन प्रथम सुरू करतानाच उरकावे लागते. पत्नीच्या फोनमध्ये सासूबाईंनी पाठवलेले आवाजी निरोप आहेत. सासूबाई आता नाहीत. त्या निरोपांत लोणच्याचे प्रमाण आहे, भाच्याच्या मुंजीची तारीख आहे आणि “पोचलीस की कळव” हे तर दर दोन-चार निरोपांनंतर आहे. ते हरवले तर कोणती कंपनी भरून देणार?

आणि ज्या गाडीत चढायचे ती पुढे जाणार आहे ना, हेही पाहावे. एके काळी फोन म्हणजे नोकिया आणि साहेबाचा फोन म्हणजे ब्लॅकबेरी, असे समीकरण होते. नोकियाचा फोनधंदा 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला. एलजीने 2021 मध्ये स्मार्टफोन बनवणे सोडले. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनांच्या सेवा 4 जानेवारी 2022 रोजी बंद झाल्या. हे सगळे कधी ना कधी पलीकडच्या फलाटावरची फास्टच होते.

लेक मुकाट ऐकत होती, पण हरली नव्हती. “बाबा, म्हणजे बदलायचंच नाही का?” तिचा प्रश्न रास्त होता. स्लोला चिकटून राहणे हे काही तत्त्वज्ञान नव्हे. अपडेट संपले असते, तर मी त्याच दिवशी नवा घ्या म्हटले असते. आम्ही कंपनीच्या संकेतस्थळावर पाहिले. अपडेटला अजून वर्षाहून अधिक अवधी होता.

निर्णय मात्र तिघांत जिचा फोन होता तिनेच दिला. “लेडीज डब्यात दारात उभी असते मी. खांबाआड फटका मारणारे टपलेले असतात. तीस हजारांचा फोन पर्समधून काढायची हिंमत नाही होणार माझी. मला गाडी थांबल्यावर घरी फोन लागायला हवा, एवढंच.”

कंपनीच्या अधिकृत केंद्रात बॅटरी बदलून घेतली. नव्या फोनच्या किमतीपुढे खर्च किरकोळ होता. त्याआधी सासूबाईंचे निरोप लेकीने संगणकावर उतरवून घेतले. आता पत्नी घरी येते तेव्हा फोनमध्ये तिसरा हिस्सा चार्जिंग शिल्लक असते. अपडेट संपण्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर शेवटच्या पानाशी लिहून ठेवली आहे, गॅसच्या नंबराच्या खाली. ती आली की बदलू, आणि तेव्हा पूल चढण्याची कुरकुर मी करणार नाही.

परवा पुन्हा पाऊस झाला. गाडी दिव्याला थांबली. नऊ वाजता फोन वाजला, “थांबलीय. येते.” मी गॅसवर वरण तापत ठेवले.