ट्रॅक्टरचे काटे : एका नजरेत कळले पाहिजेत



ट्रॅक्टर चालवताना पुढे कमी आणि मागेच जास्त पाहावं लागतं. नांगर किती खोल जातो, पेरणी यंत्राच्या नळ्या तुंबल्या का, इकडे सगळं ध्यान. समोरच्या मीटरकडे मिळते ती फक्त एक ओझरती नजर. त्यात डोक्यावर ऊन, काचेवर धूळ आणि इंजिनाचा हादरा. अशा वेळी बारीक आकडे वाचायला सवड कुणाला? म्हणून मीटर साधंच बरं. मोठी तबकडी, जाड काटा आणि हिरवा-लाल पट्टा. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ते कळतं.

काट्याचा गुण कोणता?

दिवा फक्त दोनच गोष्टी सांगतो : ठीक आहे किंवा बिघडलं. काटा मात्र बिघडण्याआधी सांगतो. सकाळी मध्यावर असलेला पाण्याच्या उष्णतेचा काटा दुपारी लालकडे सरकू लागला, तर काही तरी बिनसतंय हे आधीच समजतं. नव्या ट्रॅक्टरवर आकड्यांचे पडदे आले आहेत. त्यात माहिती भरपूर असते, वाईट काही नाही. पण ट्रॅक्टर घेताना भर दुपारी उन्हात सीटवर बसून पाहा. एका नजरेत उमजलं तर ते मीटर आपल्या कामाचं.

दोन काटे, दोन वेगळे उपाय

इथेच बरेच जण चुकतात, म्हणून नीट ध्यानात घ्या.

ऑईलच्या दाबाचा काटा : इंजिन सुरू होताच काही सेकंदांत हा वर चढला पाहिजे. थंड इंजिनात तो वर असतो, तापल्यावर थोडा उतरतो, त्यात काळजीचं कारण नाही. पण चालत्या कामात तो एकदम शून्याकडे आला किंवा तेलाच्या बुधल्याचं चित्र असलेला दिवा पेटला, तर इंजिन तिथंच बंद करा. "एवढं तास संपवून घेतो" म्हणू नका. बेअरिंगला ऑईल पोचलं नाही तर थोड्याच वेळात इंजिन जाम होतं, आणि मग हंगामाची कमाई मेस्त्रीच्या हातात जाते.

पाण्याच्या उष्णतेचा काटा : हा लालवर गेला तर आधी ओझं काढा. नांगर उचला, पीटीओ सोडा आणि इंजिन काही मिनिटं हळू चालू द्या. पंख्याचा पट्टा तुटला असेल किंवा पाणी गळत असेल तर मात्र लगेच बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर उडतं.

आपल्या जालना जिल्ह्यात सोयाबीनच्या मळणीत या काट्याला फार जपावं लागतं. ट्रॅक्टर एका जागी उभा, सीटवर कुणी नाही, आणि उडणारं भूस रेडिएटरच्या जाळीत बसतं. वारा अडला की इंजिन तापतं. थोड्या थोड्या वेळानं काटा पाहण्याचं काम घरच्या एका माणसाला नेमून द्या आणि जाळी झाडत राहा. पाऊस समोर असताना मळणी बंद पडली तर शेंगा भिजतात, ते नुकसान वेगळंच.

बाकीची मीटरं

बॅटरीचा दिवा चालत्या इंजिनात पेटला तर पट्टा पाहा. पुष्कळ ट्रॅक्टरांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालतो. म्हणजे पुढचा नंबर पाण्याच्या काट्याचा!

फेऱ्यांच्या मीटरवर बहुधा ५४० पीटीओची खूण असते. अंबड-घनसावंगीकडे मोसंबीच्या बागेत ब्लोअरने फवारताना काटा या खुणेवर धरा. खाली ठेवलात तर दाब कमी पडतो आणि औषध झाडाच्या आतल्या पानांपर्यंत पोचत नाही.

डिझेलचा काटा तळाला जाऊ देऊ नका. टाकी कोरडी झाली की नळीत हवा धरते आणि ती काढत बसावं लागतं. तासांचं मीटर म्हणजे ट्रॅक्टरची वही. ऑईल कधी बदलायचं ते "मागच्या पोळ्याला बदललं होतं" यावर नको, त्या तासांवर आणि कंपनीच्या पुस्तिकेवर ठरवा.

रोज सकाळी एवढं करा

१. मीटरची काच ओल्या फडक्यानं पुसा.
२. चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. ऑईलचा आणि बॅटरीचा दिवा लागला पाहिजे. न लागल्यास बल्ब किंवा वायर तपासा. गेलेला बल्ब संकटात गप्पच राहील.
३. सुरू केल्यावर दोन्ही दिवे विझले, ऑईलचा काटा चढला, हे पाहूनच गिअर टाका.
४. इंजिन निरोगी असताना कामात काटा जिथे थांबतो, तिथे काचेवर रंगाचा बारीक ठिपका द्या. मग सालगडी असो की मुलगा, काटा ठिपक्यावर आहे की नाही एवढंच त्याला पाहायचं.

बैल थकला की मान टाकतो, ते आपल्याला न सांगता कळतं. ट्रॅक्टरची मान म्हणजे हा काटा. त्याच्याकडे रोज बघत जा.