सदोष पोलीस तपास

फौजदारी गुन्ह्याच्या तपासात कायद्याने ठरवून दिलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, आवश्यक पुरावा गोळा केला नाही किंवा हाती आलेला पुरावा दुर्लक्षिला गेला, तर त्या तपासास सदोष तपास म्हणतात. त्याचे परिणाम फिर्यादीने भोगावेत की आरोपीने, हा भारतीय न्यायालयांपुढील जुना प्रश्न आहे. नांदेड व लातूर येथील सत्र न्यायालयांच्या निकालांवरील अपिले मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे चालतात. सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर घालून दिलेली तत्त्वे या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहेत.

न्यायालयांची भूमिका

तपास सदोष आहे एवढ्याच कारणावरून आरोपी सुटत नाही. तसे केल्यास खटल्याचा निकाल तपास अधिकाऱ्याच्या हाती जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने कर्नेल सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९९५) या बलात्काराच्या खटल्यात म्हटले. त्यामुळे न्यायालय सदोष भाग बाजूला ठेवून उरलेला पुरावा अधिक काटेकोरपणे तपासते. पंच फितूर झाले तरी तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असल्यास जप्ती शाबीत होऊ शकते. मात्र जप्त मुद्देमाल मोहोरबंद केलेला नसेल, किंवा प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता हे सांगता येत नसेल, तर विश्लेषणाच्या अहवालाला फारसा अर्थ उरत नाही. परिस्थितीजन्य पुराव्यावरील खटल्यात असा एकच दुवा निखळणे सरकार पक्षाला घातक ठरू शकते.

अंकुश शिंदे खटला

दोष आरोपीच्या ओळखीलाच भिडतो तेव्हा काय होते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडून पाच जणांची हत्या झाली. भटक्या जमातीतील सहा जणांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये त्यांपैकी तिघांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशीच दिली. घटनेनंतर दोनच दिवसांनी प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार वेगळ्याच व्यक्ती ओळखल्या होत्या. त्यांच्या दिशेने तपास झालाच नाही. पुनर्विलोकनात ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष ठरवले, प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि जबाबदार अधिकारी निश्चित करण्यास राज्य शासनाला सांगितले. तोवर त्यांचा तुरुंगवास सुमारे सोळा वर्षांचा झाला होता. खरे गुन्हेगार कोण, हे मात्र या निकालाने ठरले नाही.

नांदेड स्फोट खटला

तपास एका यंत्रणेकडून दुसरीकडे गेला तरी सिद्धतेचा भार सरकार पक्षावरच राहतो. नांदेडच्या पाटबंधारेनगरात एप्रिल २००६ मध्ये एका घरात झालेल्या स्फोटात दोघे ठार झाले. तपास स्थानिक पोलिसांकडून राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाकडे व पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. हयात असलेल्या नऊही आरोपींना नांदेडच्या सत्र न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये निर्दोष मुक्त केले. स्फोट ते निकाल हा काळ अठरा वर्षांहून अधिक आहे.

जबाबदारी

गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई (२०१४) या खटल्यात, बालिकेवरील अत्याचार व खुनासारख्या गुन्ह्यातही सर्वोच्च न्यायालयाला तपासातील त्रुटींमुळे निर्दोषत्व कायम ठेवावे लागले. सुटकेच्या प्रत्येक निकालाची छाननी करणारी समिती प्रत्येक राज्याच्या गृह विभागाने नेमावी आणि दोषी अधिकाऱ्यांवर विभागीय कारवाई करावी, असे निर्देश तेव्हा देण्यात आले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण आवश्यक आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद कलम १७६(३) मध्ये आहे. ती अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे.