शाळेतील परिचारिका

१८९२ साली ॲमी ह्यूज या परिचारिका लंडनच्या ड्र्यूरी लेनमधील एका शाळेत जाऊ लागल्या. मुलांचे पोषण कसे होते, हे पाहणे हा त्यांच्या भेटींचा हेतू होता. उपाशी मुलाचे लक्ष फळ्यावर ठरत नाही हे शिक्षकांना ठाऊक होतेच. परंतु त्याची दखल घेणे हे शाळेचे काम आहे, असे त्या काळी फारसे कुणाला वाटत नसे. ती जाणीव झाली ती युद्धामुळे. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीसाठी आलेले असंख्य तरुण शारीरिकदृष्ट्या अपात्र ठरले आणि राज्यकर्ते हादरले. मुलांच्या भुकेपेक्षा सैनिकांच्या तुटवड्याने सरकारला जाग यावी, ही गोष्ट फारशी भूषणावह नाही. पण घडले ते असे. १९०६ च्या कायद्याने शाळेत जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली आणि १९०७ च्या कायद्याने विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. डॉक्टर तपासून जात; उवा, किडके दात, वाहणारे कान यांचा पाठपुरावा करीत घरोघर जाई ती परिचारिका.

शंभर वर्षांनी पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. इंग्लंडमध्ये २००५-०६ पासून चार-पाच व दहा-अकरा वर्षांच्या मुलांची उंची आणि वजन शाळेत मोजले जाते. पहिल्या गटातील पाचांपैकी एकाहून अधिक, तर दुसऱ्या गटातील तिघांपैकी एकाहून अधिक मुलांचे वजन प्रमाणाबाहेर आढळते. अतिस्थूल मुलांचे प्रमाण गरीब वस्त्यांत संपन्न वस्त्यांच्या दुपटीहूनही अधिक आहे. पूर्वी दारिद्र्याने मूल रोडावे. आता स्वस्त, गोड व तेलकट अन्नाने तेच दारिद्र्य त्याला फुगविते.

मोजमाप आडोशाला केले जाते आणि आकडा मुलाला सांगितला जात नाही. प्रौढांचे कोष्टक मुलांना लागू पडत नाही. वय आणि मुलगा की मुलगी हे पाहून निष्कर्ष काढावा लागतो. अनेक ठिकाणी पालकांना तो पत्राने कळविला जातो, आणि खरी कसोटी तेथूनच सुरू होते. 'तुमच्या मुलाचे वजन जास्त आहे' हे वाक्य आईला आपल्या संगोपनावरील आरोपासारखे वाटते. कित्येक पालक संतापतात, काही पत्र फाडून टाकतात. अशा वेळी जाणती परिचारिका कोष्टक बाजूला ठेवते. घरात न्याहारी कोण करून देते, मूल केव्हा झोपते, तहान लागली की काय पिते, हे ती आधी विचारते. वाढत्या वयातील पुष्कळ मुलांचे वजन घटवावे लागत नाही. ते स्थिर राहिले तर वाढत्या उंचीबरोबर आपोआप जुळून येते, हे ऐकूनच निम्मी भीती ओसरते. शरबतांऐवजी पाणी वा दूध, हा बदल पहिला. तो बिनखर्चाचा असतो.

व्यायामाचेही तसेच. मुलांनी रोज सरासरी तासभर हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. परंतु खेळाच्या तासाला मागे राहणारे जाड मूल तो तासच टाळू पाहते. २०१२ साली स्कॉटलंडमधील स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत निराळी वाट काढण्यात आली: कपडे न बदलता, शर्यत न लावता, रोज पंधरा मिनिटे सर्वांनी आपापल्या वेगाने धावायचे किंवा चालायचे. ही प्रथा पुढे अनेक देशांत पसरली.

दरम्यान, इंग्लंडमधील शालेय परिचारिकांची संख्या २००९ नंतर बरीच घटली. एकीकडे अनेक शाळा सोपविलेल्या असतात, आणि घरी छळ सोसणाऱ्या मुलांच्या संरक्षणाच्या बैठकांतच तिचा पुष्कळसा वेळ जातो. पत्र वाचून घाबरलेल्या आईने दूरध्वनी केला, तर पलीकडे बोलायला परिचारिका मोकळी असेलच असे नाही.