सायकल टाइम किती?

सातपूरच्या मुलांना उद्योग म्हणजे काय हे सांगायला शाळेला बाहेरून माणूस बोलवावा लागतो, याची मला गंमत वाटते. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील पहिल्या पाळीला कंपनीच्या गेटवर उभे असतात. कुणी सिएटमध्ये, कुणी महिंद्रात, कुणी बॉशमध्ये, जिला जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात. बाकीचे या मोठ्यांना पार्ट करून देणाऱ्या दहा-पंधरा माणसांच्या शेडमध्ये. तरी उद्योजकता स्पर्धेची तयारी सुरू झाली की पहिली स्लाइड हमखास तीच : भारतातली फर्निचरची बाजारपेठ इतक्या अब्ज डॉलरची. आकडा कुठून आणला, असं विचारलं तर, "गूगलवर होता, सर."

स्पर्धेत उतरलेली ही नववीची पाच मुलं. तीन मुली, दोन मुलगे. वस्तू साधी : जमिनीवर मांडी घालून अभ्यास करायला लाकडी बैठं डेस्क. श्रमिकनगर, अशोकनगरच्या दोन खोल्यांच्या घरात टेबल-खुर्ची मावत नाही. मुलं वही मांडीवर घेऊन वाकून लिहितात. लाकूड एमआयडीसीतलं. मशीनचे सुटे भाग ज्या पाइनच्या पॅलेटवर येतात ती पॅलेटं पुढे भंगारात जातात आणि किलोवर विकली जातात. कल्पना चांगली, कारण ती स्वतःच्या दुखऱ्या पाठीतून आलेली होती.

नाशिकच्या शाळांत अशा वेळी नीलय कुलकर्णीचं उदाहरण निघतंच. २००३ च्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. शाळकरी वयातल्या नीलयने गर्दी मोजणारी चटई तयार करायला घेतली, आणि २०१५ च्या कुंभात ती ‘आशिओटो’ वापरून पाहिली गेली. पुढे तो टेडच्या व्यासपीठावर बोलला. अभिमानाची गोष्ट आहे, पण त्या नावाचं मुलांवर दडपणही येतं. आपलं डेस्क त्यांना एकदम किरकोळ वाटायला लागतं. मग त्याला सेन्सर लावू, ॲप काढू, असं सुरू होतं. आमच्याकडे डेस्कला दिवा आणि ब्लूटूथ स्पीकर बसवायचा प्रस्ताव आठवडाभर चर्चेत होता.

शाळेसाठी योजना नाहीत असं नाही. इन्स्पायर-मानकमध्ये निवडलेल्या मुलाच्या खात्यात मॉडेल करायला १०,००० रुपये येतात. अटल टिंकरिंग लॅब मिळाली तर शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान असतं. पण या दोन्हींचा भर वस्तू करून दाखवण्यावर आहे, विकण्यावर नाही. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये ‘बिझनेस ब्लास्टर्स’ काढून अकरावी-बारावीच्या मुलांना माणशी २,००० रुपये भांडवल दिलं, तेव्हा प्रश्न बदलला : पैसे परत कसे येतील? मॉडेलवर टाळ्या मिळतात. विक्रीत समोरचा माणूस खिशात हात घालतो की नाही ते लगेच कळतं.

पहिलं डेस्क कार्यानुभवाच्या खोलीत झालं. पॅलेटवरचा शिक्का बघायचा हे मुलांना आधी शिकावं लागलं. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून कीड मारलेलं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते बाजूला. तेलाचे डाग पडलेली फळीही बाजूला. मग पक्कड, हातोडा, करवत, काचपेपर. पॅलेटचे खिळे पिळाचे असतात, उपटताना फळी चिरते.

हिशेबाचा कागद असा होता : लाकूड ३ किलो, २० रुपयांनी ६०, स्क्रू १६, काचपेपर २०, पॉलिश ३०. एकूण १२६. विक्री १९९. नफा ७३, खाली दोन रेघा.

एका शनिवारी एका मुलीचे वडील तिला न्यायला आले होते. सीएनसीवर ऑपरेटर, मूळचे धुळ्याकडचे. कागद हातात घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "सायकल टाइम किती लागतो गं एका नगाला?"

कुणालाच माहीत नव्हतं. "आणि रिजेक्शन?" तेही नाही.

मग मोबाइलवर स्टॉपवॉच लावून दुसरं डेस्क केलं. खिळे काढायला ५० मिनिटं, कापायला २०, घासायला ७०, जोडायला २५, पॉलिशला १५. तीन तास. तासाला ५० रुपये धरले तरी १५० रुपये मजुरी, जी कागदावर नव्हतीच. चिरलेल्या फळ्या वगळून ३ किलो कामाचं लाकूड मिळवायला ५ किलो विकत घ्यावं लागत होतं, म्हणजे ६० नव्हे, १०० रुपये. खर्च ३१६. १९९ ला विकलं तर प्रत्येक डेस्कमागे ११७ रुपये घरातून घालायचे. मुलांचे चेहरे उतरले. मला मात्र तयारी आता सुरू झाली असं वाटलं.

उपायही त्या काकांच्याच पद्धतीचा निघाला. खिळे काढायचेच कशाला? खिळ्यांच्या ओळीच्या आतून फळी कापायची आणि टोकं जळणाला द्यायची. फळी आखूड होते, मग डेस्कही थोडं आखूड. दप्तर थोडंच ठेवायचंय त्यावर? पन्नास मिनिटांची पंधरा झाली. खालची बाजू घासणं बंद केलं, तिथे ७० ची ३५ झाली. एकूण ११० मिनिटं.

गिऱ्हाईक शोधणं हे याहून अवघड. पहिल्या रविवारी मुलं दारोदार विचारून आली आणि सगळ्यांनी "छान आहे" म्हटल्याचं सांगितलं. पोरांनी केलेली वस्तू वाईट आहे असं आपल्याकडे तोंडावर कोण म्हणतं? म्हणून पुढच्या वेळी प्रश्न बदलले. मुलाच्या अभ्यासासाठी शेवटचं काय विकत आणलं, कितीला, ते आता कुठे आहे? आणि शेवटी, ५० रुपये आगाऊ द्याल का? कौतुक पटकन आटलं. पण अशोकनगरच्या एका बाईंनी कामाचं विचारलं, "रात्री आम्ही इथंच अंथरूण टाकतो. हे उभं करून कुठं ठेवू?"

डेस्कचे पाय दुमडायला हवे होते, हे पाचांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि पाचही जण तशाच घरात राहतात. चार बिजागऱ्या, ४८ रुपये, दहा मिनिटं जास्त. खर्च ३१४, किंमत ३९९. त्या बाईंनी पन्नासची नोट दिली. दिवा आणि स्पीकर हा विषय परत निघाला नाही.

भाषणाची तालीम मी थोडक्यात उरकतो, कारण तिच्यावर गरजेपेक्षा जास्त वेळ जातो. ‘रिस्पेक्टेड जजेस’ने सुरू झालेला मुलगा तिसऱ्या वाक्याला अडखळायचा. खिळ्यांचं सांग म्हटलं की मराठीत घडाघडा बोलायचा. स्लाइड इंग्रजीत ठेवल्या, बोलणं मराठीत.

शेवटच्या तालमीला ओळखीच्या एका कारखानदारांना परीक्षक म्हणून बसवलं. त्यांनी बाजारपेठेची स्लाइड न बघताच पुढे ढकलली आणि विचारलं, "मी उद्या दोनशे नगांची ऑर्डर दिली तर?"

पाठ केलेलं उत्तर होतं : उत्पादन वाढवू. मुलाने तोंड उघडलं, तेवढ्यात हिशेब ठेवणारी मुलगी म्हणाली, "नाही होणार सर. रविवारी पाच जण चार तास बसलो तर दहा होतील. पण भंगारवाल्या काकांकडे आठवड्याला तीसच किलो चांगलं लाकूड निघतं. म्हणजे सहा. दोनशेला आठ महिने लागतील."

"मग माझी ऑर्डर जाते की तुमच्या हातची."

"दुसरा भंगारवाला मिळाला तर दहा," ती म्हणाली. "अंबडला एक जण आहे, पण तो किलोला पंचवीस मागतो. त्या भावात चारशेला परवडत नाही."

"का नाही? लाकडाचे पंचवीसच तर वाढतात."

"साठ उरतात सर. पण अंबडहून रिक्षा करावी लागेल, ती अजून धरली नाहीये."