करारातलं बारीक कलम

सावकाराचा कागद आपल्याला ठाऊक आहे. वर रक्कम मोठ्या अक्षरात, खाली अटी बारीक अक्षरात. एकदा अंगठा उठवला, की त्या अटी मानेवर बसल्याच.

देशादेशांतही असे कागद होतात. त्यांना गुंतवणुकीचे करार म्हणतात. एक देश दुसऱ्याला म्हणतो, ‘आमच्या कंपन्या तुमच्याकडे पैसा घालतील. तुमच्या सरकारनं त्यांच्यावर अन्याय केला, तर त्या दावा लावतील. तोही तुमच्या कोर्टात नव्हे, बाहेरच्या लवादापुढे.’ लवाद म्हणजे नेमलेले पंच.

यातून काय घडतं? एक खरी गोष्ट ऐका.

दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तिथं कोचाबांबा हे शहर आहे. १९९९ साली सरकारनं या शहराचं पाणी चाळीस वर्षांसाठी एका कंपनीच्या हाती दिलं. तिच्या मालकांत अमेरिकेची बेक्टेल ही बडी कंपनी होती. लवकरच पाणीपट्टी वाढली. काही घरांची तर दुप्पट झाली. आपण खणलेल्या विहिरीही हातच्या जातील, अशी धास्ती शेतकऱ्यांना पडली. २००० साली शेतकरी, कामगार, बायामाणसं सारी रस्त्यावर आली. गोळीबारात सतरा वर्षांचा एक पोर गेला. अखेर सरकारनं कंपनीला दिलेलं काम काढून घेतलं.

पण कागद उरलाच होता! बोलिव्हियानं नेदरलँड देशाशी १९९२ साली गुंतवणुकीचा करार केला होता. कंपनीच्या मालकीचे कागद नेदरलँडमधून फिरवलेले होते. त्या आधारे तिनं कोट्यवधी डॉलरची भरपाई मागितली. जगभर लोकांनी ओरड केली. तेव्हा २००६ साली दावा मागे घेतला गेला. तडजोड झाली ती बोलिव्हियाच्या अवघ्या दोन नाण्यांवर.

आपल्या देशानंही असे पुष्कळ करार केले होते. २०११ साली एका ऑस्ट्रेलियन कंपनीनं लवादापुढे भारतावरचा दावा जिंकला. मग सरकार सावध झालं. २०१५ साली नवा मसुदा तयार केला. कंपनीनं आधी इथल्याच कोर्टात पाच वर्षं दाद मागावी, असं त्यात घातलं. पुढे बहुतेक जुने करार रद्द केले.

परका पैसा वाईट, असं आम्ही म्हणत नाही. त्यानं कारखाने निघतात, हातांना काम मिळतं. पण नफा त्यांचा आणि तोटा आपला, असं कलम कागदात नसावं. म्हणून गावच्या नळाचा ठेका असो की देशाचा करार, सही होण्याआधी विचारावं, ‘खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय?’ आता आपल्याला वाचता येतं.